फ्युएल प्रेशर गेज, आठ महिन्यांच्या वापरानंतर: गेज उत्तम, पण त्याची ओ-रिंग आधी बदला

जुनी इंजेक्शनची गाडी मिसिंग मारायला लागली की ठरलेला क्रम सुरू होतो. आधी प्लग, मग कॉइल, मग ऑक्सिजन सेन्सर, मग कुणीतरी सांगतं म्हणून इंजेक्टर. चार पार्ट नवे होतात आणि गाडी चढाला तशीच अडखळते. अंदाजाने बदललेल्या यातल्या एखाद्या पार्टच्या पैशात हे गेज येतं. पेट्रोल पुरेशा दाबाने रेलपर्यंत, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीपर्यंत, पोचतंय का, याचं उत्तर ते पाच मिनिटांत देतं. निम्मा तपास तिथेच संपतो.

किट नेहमीचंच आहे. ० ते ७ बारचं गोल गेज, रबरी होज, दाब सोडायचं बटण, त्याला जोडलेली पारदर्शक नळी आणि डबीभर अ‍ॅडॅप्टर. बहुतेक मल्टिपॉइंट (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेल्या) गाड्यांचं काम अडीच ते चार बारमध्ये चालतं. म्हणजे काटा तबकडीच्या मधल्या भागात राहतो आणि वाचन भरवशाचं मिळतं. जुन्या सिंगल-पॉइंट थ्रॉटल बॉडीच्या, म्हणजे सगळ्या सिलिंडरना एकाच जागेवरून पेट्रोल मिळणाऱ्या, गाड्यांत दाब बारभराच्या आसपास असतो, त्यांच्यासाठी कमी पल्ल्याचं वेगळं गेज घ्यावं. ज्यांच्या रेलवर टेस्ट व्हॉल्व्हच, म्हणजे गेज जोडायचं तोंड, नाही त्यांनी टी-अ‍ॅडॅप्टरवाला (पाइपच्या मध्ये जोडायचा) सेट पाहूनच घ्यावा, नाहीतर डबी उघडून उपयोग नाही.

लावताना घाई नको. इंजिन थंड असताना पंपाचा फ्यूज किंवा रिले काढा, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, मग एक-दोनदा सेल्फ मारा. बॅटरीची निगेटिव्ह काढा. टेस्ट व्हॉल्व्हचं टोपण सोडताना भोवती फडकं धरा, कारण एवढं करूनही थोडं पेट्रोल उडतंच. आग विझवायचं सिलिंडर हाताशी हवं. गेज बसल्यावर फ्यूज आणि बॅटरी जोडा, इग्निशन फक्त ऑन करा आणि प्रत्येक सांध्यावरून कोरडं बोट फिरवा. बोट ओलं झालं तर इंजिन सुरू करायचं नाही.

इग्निशन ऑन केल्यावर पंप दोन-तीन सेकंद वाजतो आणि थांबतो. रेलवर रेग्युलेटर (दाब ठरावीक ठेवणारा पार्ट) असलेल्या बऱ्याच गाड्यांत काटा तीन बारच्या आसपास जातो. इंजिन आयडलला आलं (रेस न देता नुसतं चालू राहिलं) की तो अडीचला उतरतो, कारण रेग्युलेटरला मॅनिफोल्डचा (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांचा) व्हॅक्यूम, म्हणजे ओढ, मिळतो. व्हॅक्यूम पाइप काढला की पुन्हा तीन. हा अर्ध्या बारचा फरक दिसला म्हणजे रेग्युलेटर काम करतोय. काढलेल्या पाइपच्या आत पेट्रोलचा वास किंवा ओल असेल, तर त्याचा पडदा फाटला आहे आणि पेट्रोल थेट मॅनिफोल्डमध्ये ओढलं जातंय. मग काळा धूर, काळे प्लग आणि आयडलला अडखळणं, सगळ्याचा उलगडा तिथेच होतो. रिटर्न लाइन (जास्तीचं पेट्रोल टाकीत परत नेणारा पाइप) नसलेल्या गाड्यांत रेग्युलेटर टाकीत असतो, दाब साडेतीन ते चारला स्थिर राहतो आणि असा चढउतार दिसत नाही. त्यामुळे आपल्या मॉडेलचा आकडा मॅन्युअलमधून काढूनच बसा.

खरं निदान लोड आल्यावर होतं. आयडलला तीन बार दाखवणारा पंप चढावर दोनला येऊ शकतो, कारण आयडलला पेट्रोल लागतंच किती? होज लांब असेल तर बोनेटच्या फटीतून गेज बाहेर घ्या, विंडस्क्रीनवर बाहेरच्या बाजूने टेपने चिकटवा आणि दुसऱ्या माणसाला गाडी चालवायला सांगा. गेज केबिनच्या आत कधीही घेऊ नये. रेलवर रेग्युलेटर असेल तर फुल रेसला व्हॅक्यूम जातो, म्हणून काटा वर चढायला हवा. गाडी अडखळताना काटा खाली येत असेल तर दोष पेट्रोलच्या वाटेत आहे: चोक झालेला फिल्टर, टाकीतली जाळी, थकलेला पंप किंवा वायरिंग. काटा ठाम असेल आणि गाडी तरीही अडखळत असेल, तर पंपाला हात लावू नका. प्लगची गॅप, कॉइल, प्लगच्या वायरी, थ्रॉटल पोझिशन सेन्सर तिकडे वळा.

आता या किटचा तो एक दोष, ज्यामुळे चांगले पंप भंगारात जाऊ शकतात. अ‍ॅडॅप्टरच्या तोंडात बसवलेली ओ-रिंग, म्हणजे सांधा बंद ठेवणारं रबरी कडं.

इंजिन बंद केल्यावर रेलमधला दाब टिकतो की नाही, ही फार मोलाची चाचणी आहे. दाब लगेच उतरला तर गरम इंजिनाच्या उष्णतेने रेलमधल्या पेट्रोलची वाफ होते. थोडा वेळ थांबवलेली गाडी मग खूप सेल्फ खाते आणि सुरू झाल्यावर पहिला अर्धा मिनिट थरथरत चालते. चाचणीची पद्धत सोपी आहे. इंजिन बंद करा आणि दहा मिनिटं काटा बघा. सुरुवातीला तो किंचित वर जातो, कारण व्हॅक्यूम गेलेला असतो आणि इंजिनाच्या उष्णतेने पेट्रोल फुगतं. तो दोष नाही. मग तो हळूहळू उतरला तर ठीक, दोन मिनिटांत शून्यावर आला तर गळती आहे. दाब पुन्हा भरून, पंप थांबल्याबरोबर रिटर्नचा रबरी पाइप क्लॅम्पने दाबा. दाब टिकला तर रेग्युलेटर गळतोय. नाही टिकला तर तसाच पुरवठ्याचा पाइप दाबून बघा. आता टिकला तर पंपाचा चेक व्हॉल्व्ह (पेट्रोल मागे जाऊ न देणारा) गेलाय. दोन्ही दाबूनही उतरला तर एखादा इंजेक्टर ठिबकतोय. प्लास्टिकचा पाइप मात्र दाबू नका, तो चिरतो. आणि पंप चालू असताना रिटर्न दाबून ठेवू नका, दाब दुपटीच्या वर जातो.

ही सगळी साखळी एका गोष्टीवर उभी आहे: गेज स्वतः गळता कामा नये. रेलमध्ये पेट्रोल असतं जेमतेम, म्हणून सांध्यावर थेंबभर ओल आली तरी काटा भराभर उतरतो. किटमधली काळी ओ-रिंग तिसऱ्या-चौथ्या वापरानंतर फुगली, बोटाने दाबली तर लिबलिबीत लागली आणि अ‍ॅडॅप्टर काढताना खाचेतून अर्धी बाहेर आली. हलक्या नायट्राइल रबराचं इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये असंच होतं. अशा गेजने घेतलेली चाचणी चेक व्हॉल्व्ह, रेग्युलेटर, इंजेक्टर सगळ्यांना दोषी ठरवते. विक्रेत्याकडून बदली म्हणून आली तीही त्याच रबराची.

उपाय फारच स्वस्त आहे. जुनी रिंग फुगलेली असते, म्हणून माप खाचेवरून घ्या आणि त्या मापाची व्हायटॉनची (पेट्रोलला टिकणाऱ्या रबराची) रिंग बसवा. टेफ्लॉन टेपने हा सांधा सील होत नाही, कारण इथे सील धरते ती रिंग, आटे नव्हेत. शिवाय टेपचे तुकडे रेलमधून इंजेक्टरच्या जाळीत जातात. दर वापराआधी गेजचीच परीक्षा घ्या. पेट्रोल काढून, पूर्ण कोरडं केलेलं गेज स्टेपनीच्या व्हॉल्व्हला लावा (बऱ्याच किटमध्ये तेच आटे असलेला अ‍ॅडॅप्टर असतो) आणि सांध्यांवर साबणाचं पाणी सोडा. बुडबुडा आला तर गळती तिथे. वर हवेच्या गेजशी आकडाही पडताळून होतो. टायरमधली हवा भरपूर असते, म्हणून इथे काट्याकडे बघून गळती कळत नाही, फेसच बघायचा.

पाचव्या महिन्यात मत बदललं, ती भर इथे देतो. आधी वाटायचं, लोडला दाब पडला की फिल्टर बदला, नाहीतर पंप. आता मध्ये एक पायरी सक्तीची मानतो: मल्टिमीटर. पंप चालू असताना, कनेक्टर न काढता, मागून पिना घालून व्होल्टेज मोजा. बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त कमी असेल तर नवा पंपसुद्धा दाब देणार नाही. मग अर्थची वायर ते बॅटरी निगेटिव्ह असं मोजा. ०.२ व्होल्टच्या वर गेलं की अर्थचा सांधा गंजलाय असं धरून चाला. जुन्या गाडीत पंपाच्या रिलेचे संपर्क आणि टाकीजवळचा अर्थ ही दोन ठिकाणं आधी बघायची. अर्धा तास चालवल्यावरच अडखळणाऱ्या गाडीत ही तपासणी सांधे गरम असतानाच करा, थंडपणी सगळं ठीक दिसतं.

ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले एरर कोड वाचणारं यंत्र) असेल तर तो आधी लावा, वाद नाही. पी०१७१ हा कोड आला की लोक ऑक्सिजन सेन्सर बदलतात, पण तो बिचारा मिश्रण पातळ (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) आहे एवढंच सांगत असतो. फ्युएल ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा घटवतोय, ते बघा. आयडलला २० टक्के जास्त आणि २,५०० आरपीएमला जवळपास शून्य म्हणजे कुठूनतरी हवा ओढली जातेय. आयडलला ठीक आणि लोडला वाढत जाणारा म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, किंवा एअर फ्लो मीटर (आत येणारी हवा मोजणारा) मळलाय. या दोघांतला निवाडा गेज करतं.

व्हायटॉनची रिंग घातल्यावर पाचपैकी साडेचार. अर्धा गुण त्या काळ्या रिंगेसाठी कापला आहे. काम झालं की बटण दाबून उरलेलं पेट्रोल बाटलीत घ्या, गेज उलटं टांगून वाळवा आणि जास्तीच्या दोन रिंगा डबीतच ठेवा.