टॅब-कंप्लिशन: स्क्रिप्ट हाताने लिहावी, तयार करवून घ्यावी की प्रोग्रॅमलाच विचारावे?

कमांड-लाइनवर चालणारा प्रोग्रॅम चार लोक वापरू लागले की टॅब दाबल्यावर ऑप्शन सुचावेत अशी मागणी लवकरच येते. ती पुरवण्याचा मार्ग निवडताना दोन प्रश्न विचारावेत: सुचवायची नावे आधीच ठाऊक असतात की वापराच्या क्षणी शोधावी लागतात, आणि प्रोग्रॅम सुरू व्हायला किती वेळ लागतो.

प्रत्येक शेलसाठी (टाइप केलेली कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम; बॅश, झेडशेल, फिश हे त्याचे प्रकार) स्वतः स्क्रिप्ट लिहिणे हा सर्वांत जुना मार्ग. बॅशमध्ये ही सोय २००० सालच्या २.०४ आवृत्तीपासून आहे. एक फंक्शन लिहून ते 'कंप्लीट' या कमांडने प्रोग्रॅमच्या नावाशी जोडायचे, एवढेच काम वरवर दिसते. पण तपशिलात गेले की बॅश छळू लागते. उदाहरणार्थ, बॅश विसर्गचिन्हासारख्या कोलनलाही शब्दाचा शेवट मानते, त्यामुळे 'सर्व्हर:फोल्डर' असे पूर्ण नाव सुचवले तर कोलननंतरचाच भाग बदलला जातो आणि ओळीवर 'सर्व्हर:सर्व्हर:फोल्डर' उमटते. झेडशेलची पद्धत पूर्णपणे निराळी आहे, मात्र तिथे ऑप्शनशेजारी त्याचे वर्णनही दाखवता येते. फिशमध्ये बहुधा ऑप्शनमागे एक ओळ पुरते. फक्त बॅशवर भागवावे म्हटले, तर मॅकवर २०१९ च्या कॅटालिनापासून झेडशेल हेच मूळ शेल आहे आणि सोबत येणारी बॅश अजून ३.२ चीच आहे. शिवाय प्रोग्रॅममध्ये नवा ऑप्शन आला की तिन्ही फायली आठवणीने बदलाव्या लागतात, आणि ते कोणी करत नाही.

लायब्ररीकडून स्क्रिप्ट तयार करवून घेतली की ही कटकट मिटते. रस्ट भाषेत कमांड-लाइनचे ऑप्शन वाचणाऱ्या क्लॅप या लायब्ररीची जोड-लायब्ररी प्रोग्रॅममधल्याच ऑप्शनच्या व्याख्येवरून बॅश, झेडशेल, फिश, पॉवरशेल आणि एल्विश यांच्या स्क्रिप्ट काढून देते. टॅब दाबल्यावर प्रोग्रॅम चालवावा लागत नसल्याने उत्तर लगेच मिळते, आणि पॅकेज बनवणाऱ्याला फाइल योग्य जागी ठेवता येते. अशा ठरीव स्क्रिप्टला डेटाबेसमधल्या नोंदींची नावे मात्र सुचवता येत नाहीत.

ती हवी असतील तर शेलने प्रोग्रॅमलाच विचारले पाहिजे. गो भाषेतील कोब्रा लायब्ररी यासाठी प्रोग्रॅममध्ये एक लपलेली सबकमांड ठेवते. कुबरनेटीस क्लस्टर हाताळणारा कुबेकंट्रोल वापरताना टॅबवर क्लस्टरमधल्या पॉडची (एकत्र चालणाऱ्या कंटेनरच्या गटांची) नावे दिसतात ती याच वाटेने. गोचा प्रोग्रॅम झटकन सुरू होतो, म्हणून तिथे दुसरा विचार करण्याचे कारण मला दिसत नाही. पायथनमध्ये आर्गकंप्लीट किंवा क्लिक वापरून हेच साधते, पण दर टॅबला इंटरप्रिटर सुरू होतो आणि फायलीच्या माथ्यावर पांडाससारखी जड लायब्ररी इम्पोर्ट केली असेल तर तीही दर वेळी चढते. आर्गकंप्लीटमध्ये आणखी एक मेख आहे: ऑप्शन वाचणाऱ्या पार्सरपर्यंत पोचण्याआधी कोडमध्ये लॉग उघडणे किंवा नेटवर्कशी जोडणे असेल, तर तेही टॅबगणिक घडते.

पायथनवाल्यांनी म्हणून आधी वेळ मोजणारी 'टाइम' ही कमांड लावून स्वतःच्या प्रोग्रॅमची हेल्प मागवून पाहावी. तिला लागणारा वेळ साधारण तेवढाच टॅबलाही लागेल. तो खटकत असेल तर जड इम्पोर्ट संबंधित फंक्शनच्या आत हलवावेत, आणि त्यानेही भागत नसेल व नावे ठरीवच असतील तर स्क्रिप्ट हाताने लिहिणे पायथनमध्येही परवडते.