टॅपवेव्ह झोडियाक 2 : सात महिने रोज वापरल्यानंतर

मी फ्रीमाँटला राहते आणि आठवड्यातले चार दिवस बार्ट लोकल ट्रेनने सॅन फ्रान्सिस्कोला जाते. म्हणजे जायचा-यायचा मिळून बराच वेळ गाडीत. मागच्या दिवाळीच्या सुमारास एकांकडून जुना झोडियाक 2 घेतला, तेव्हापासून तो रोज पर्समध्ये आहे. सुरुवातीला वाटलं होतं थोडे दिवस खेळून ठेवून देऊ, पण आता माझी सगळी कामाची यादी, तारखा, फोन नंबर त्याच्यातच आहेत, म्हणून सविस्तर लिहितेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पाम म्हणजे हातात मावणाऱ्या डिजिटल डायऱ्या बनवणारी कंपनी. तिथल्या जुन्या लोकांनी बाहेर पडून टॅपवेव्ह ही कंपनी काढली, इथेच माउंटन व्ह्यूला. 2003 च्या शेवटी त्यांनी झोडियाक आणला. हातात धरायचा गेम कन्सोल, पण आत चालते पामच्या डायऱ्यांचीच ऑपरेटिंग सिस्टम, पाम ओएस 5. प्रोसेसर 200 मेगाहर्ट्झचा, ग्राफिक्सला एटीआयची वेगळी चिप, 480 बाय 320 चा स्क्रीन, ब्लूटूथ, दोन एसडी स्लॉट. झोडियाक 1 मध्ये 32 एमबी, 2 मध्ये 128 एमबी, आणि 2 ची तेव्हाची किंमत 399 डॉलर. मग निन्टेन्डो डीएस आला, सोनीचा पीएसपी आला, आणि 2005 च्या जुलैत टॅपवेव्हने काम बंद केलं. दोन वर्षंसुद्धा नीट मिळाली नाहीत बिचाऱ्याला.

आता मुख्य गोष्ट. माझ्या मते पाम ओएससाठी गेम कन्सोलच्या हार्डवेअरइतकं चांगलं घर दुसरं नव्हतं. मी आधी साधे पाम वापरलेत, त्यात प्रत्येक गोष्टीला स्टायलस काढा, एका हातात यंत्र, दुसऱ्या हातात काडी, आणि गाडीत उभं असलं की दांडी कशाने धरायची? झोडियाकला डाव्या अंगठ्याखाली अ‍ॅनालॉग स्टिक आहे. होम स्क्रीनवर आयकॉन गोलाकार मांडलेले असतात, स्टिक ज्या बाजूला ढकलाल तो आयकॉन निवडला जातो. आठवड्याभरात अंगठ्याला पाठ होतं, डेटबुक (म्हणजे कॅलेंडर) कुठल्या दिशेला, टू-डू कुठल्या दिशेला, न बघता उघडते मी. उजवीकडची बटणं खेळासाठी दिलीत पण यादी खाली-वर करायलाही इतकी सोयीची आहेत की मला आता ह्याच्याशिवायचा पाम नको वाटतो. शिवाय बॉडी धातूची आहे, हातात घट्ट बसते.

आणि पाम ओएस स्वतः. बटण दाबलं की चालू, वाट बघणं नाही. "सेव्ह करू का" असं विचारत नाही, लिहिलं की राहिलं. दूध संपलं हे आठवल्यापासून ते यादीत जाईपर्यंत चार सेकंद लागत असतील. फोनवर हेच करायला गेले की मधे तीन मेसेज दिसतात आणि दूध राहूनच जातं. ह्याच्यावर मेसेज येतच नाहीत, वायफायच नाही ना आत.

लिहायला ग्रॅफिटी 2 आहे, म्हणजे स्टायलसने ठरावीक खुणांनी एकेक अक्षर काढायची पद्धत. ह्यात टी आणि आय ही अक्षरं दोन रेघांत काढावी लागतात, जुन्या ग्रॅफिटीची सवय असेल तर पहिले पंधरा दिवस चुका होतात, माझ्या झाल्या, मग हात बसला. पण देवनागरी नाही. अजिबात नाही, ना लिहायला ना वाचायला, मराठी मजकुराची फाइल टाकली की नुसती विचित्र चिन्हं दिसतात. त्यामुळे माझी वाणसामानाची यादी रोमन अक्षरांत, पोहे, तूरडाळ, शेंगदाणे, सगळं तसंच. चालतं, पण आईने फोनवर सांगितलेली आमटीची कृती रोमनमध्ये उतरवताना मनाला लागतं खरं.

डेटबुकमध्ये दर आठवड्याला, दर महिन्याला, दर वर्षी असं रिपीट लावता येतं, पण तिथीचं काय? संकष्टी कुठल्याच रिपीटमध्ये बसत नाही. मी एका रविवारी बसून वर्षभराच्या सगळ्या संकष्ट्या हाताने टाकल्या, आणि त्याही इथल्या पंचांगाप्रमाणे बघून, कारण कालनिर्णयातली तारीख आणि इथली तारीख कधीकधी एक दिवस पुढे-मागे होते. एक गोष्ट माहीत असू द्या, पाम ओएसची तारीख 1904 पासून 2031 पर्यंतच जाते. त्याच्यापुढचं काही टाकता येत नाही. अजून काही वर्षं आहेत.

सगळ्यात महत्त्वाचं पुढे लिहितेय, घ्यायचा विचार असेल तर हे नक्की वाचा. ह्याची मेमरी बॅटरीवर जगते. बॅटरी पूर्ण संपली की आतलं सगळं जातं, तारखा, नंबर, टाकलेली अ‍ॅप्स, सगळं, आणि यंत्र नव्यासारखं उघडतं. जानेवारीत मी तीन आठवडे पुण्याला गेले होते, हा इथेच ड्रॉवरमध्ये राहिला. परत येऊन चालू केला तर स्टायलसने स्क्रीन जुळवून घ्यायचं ते पहिलं पान समोर. संकष्ट्यांसकट सगळं गेलं होतं. शेवटचा बॅकअप नोव्हेंबरातला. खूप वाईट वाटलं, कारण डिसेंबरात बाबांच्या दवाखान्याच्या तारखा आणि डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं मी त्यातच लिहिलं होतं, ते पुन्हा भावाला विचारून विचारून जमवलं.

तेव्हापासून एका स्लॉटमध्ये 1 जीबीचं एसडी कार्ड कायम आहे आणि रोज रात्री त्यावर आपोआप बॅकअप होतो. बॅकअपचं अ‍ॅपसुद्धा कार्डावरच ठेवा, पामच्या फोल्डरात लाँचर नावाचं फोल्डर असतं त्यात, म्हणजे मेमरी पुसली गेली तरी कार्डावरून ते उघडून सगळं परत आणता येतं. कार्ड साधं एसडीच हवं, हल्ली मिळणारी एसडीएचसी कार्डं हा ओळखत नाही, जुनी शोधावी लागतात.

कॉम्प्युटरला जोडायचं तर मी लिनक्सवर जे-पायलट वापरते, पाममधली माहिती कॉम्प्युटरवर बघायचा आणि जुळवायचा प्रोग्रॅम. पामसारखी यंत्रं ओळखणारा लिनक्सचा जो व्हायझर ड्रायव्हर आहे त्यात झोडियाकचं नाव घातलेलं आहे, त्यामुळे वेगळं काही टाकावं लागलं नाही. केबल मात्र ह्याची स्वतःची वेगळीच, ती हरवली तर अवघड आहे.

खेळांबद्दल कमी लिहितेय कारण कमी खेळते. वॉरफेअर इनकॉर्पोरेटेड छान चालतो, मोठ्या स्क्रीनवर स्टायलसने सैन्य हलवायला मजा येते. लिटल जॉन ह्या एम्युलेटरवर (दुसऱ्या कन्सोलची नक्कल करणारा प्रोग्रॅम) जुने निन्टेन्डोचे गेमही चालतात. आणि 1998-99 ची पामची साधी अ‍ॅप्स, जी कितीतरी जुन्या प्रोसेसरसाठी लिहिलेली होती, तीसुद्धा ह्याच्यावर उघडतात, मधे चौकोनात दिसतात आणि बाजूला ग्रॅफिटीची जागा. मला खर्च लिहायला असलंच एक जुनं अ‍ॅप आवडतं.

स्क्रीन उन्हात वाचता येतो, प्लॅटफॉर्मवर उभं राहून मी रोज वाचते.

घेताना स्टिक चारही दिशांना फिरवून बघा, आणि विकणाऱ्याला सरळ विचारा की बॅटरी बदललीय का. माझ्यातली जुनी होती, दिवसभरही पुरत नव्हती, मार्चमध्ये ऑफिसमधल्या एका मैत्रिणीने उघडून नवी घालून दिली. बॅटरी काढताना मेमरी पुसली जातेच, तेव्हा त्याआधी कार्डावर बॅकअप घ्या आणि तो उघडून एकदा तपासा.