निळ्या व्हँडाची बाटलीबंद रोपे

दक्षिणेतील एका खासगी ऊतिसंवर्धन (निर्जंतुक बाटलीत रोपे वाढवणाऱ्या) प्रयोगशाळेकडून मी व्हँडा सेरुलिया, म्हणजे खासी टेकड्यांमधील निळा व्हँडा, या ऑर्किडची बियांपासून वाढवलेली रोपे बाटलीसह मागवली. ही जात वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत असल्यामुळे परवानाधारक विक्रेत्याखेरीज इतरांकडून ती घेता येत नाही. या प्रयोगशाळेने बिलावर परवान्याचा क्रमांक आणि ज्या दोन लागवडीतील रोपांच्या संकरातून बी धरले त्यांची नोंद न मागता दिली, आणि माझ्या लेखी या सेवेची सर्वांत मोठी जमेची बाजू तीच आहे.

ऑर्किडचे बी धुळीसारखे बारीक असते आणि त्यात पोषणाचा साठा जवळजवळ नसतो, त्यामुळे निसर्गात विशिष्ट बुरशीच्या साथीशिवाय ते रुजत नाही. कॉर्नेल विद्यापीठातील लुईस नड्सन यांनी १९२२ मध्ये साखर घातलेल्या माध्यमावर बुरशीविना बी रुजवता येते हे दाखवले, आणि आजही सारी पद्धत त्याच पायावर उभी आहे. न उकललेली हिरवी शेंग बाहेरून निर्जंतुक केली, तर आतले बी आपोआप स्वच्छ मिळते. प्रेशर कुकरमध्ये बाटल्या व माध्यम निर्जंतुक करून हौशी मंडळी हे घरीही करतात, परंतु पेरणीच्या वेळी बुरशीचा एखादा कण आत शिरला की साखरेवर पोसून तो सगळी बाटली गिळतो, म्हणून या कामाचे पैसे मोजणे मला रास्त वाटते.

बाटली उत्तम होती. रोपे दाटीतून काढून नव्या माध्यमावर अंतर राखून पुन्हा लावलेली होती, त्यामुळे प्रत्येकाला दोन-तीन जाड मुळे सुटली होती. स्वस्त बाटल्यांमध्ये नेमके हेच श्रम वाचवलेले असतात. कुरिअरच्या हिसक्यांनी आगर, म्हणजे बाटलीतले जेलीसारखे माध्यम, थोडे सुटले होते, पण रोपे शाबूत होती.

सोबतच्या माहितीपत्रकाबद्दल मात्र तक्रार आहे. त्यातील सूचना उघडउघड फॅलेनॉप्सिस या दुसऱ्या ऑर्किडसाठी लिहिलेल्या असून रोपे ओल्या मॉसमध्ये (शेवाळात) घट्ट बसवायला सांगतात. व्हँडाच्या मुळांना हवा लागते. मी आगर कोमट पाण्यात पूर्ण धुऊन रोपे कोळशाच्या बारीक तुकड्यांवर मोकळी बसवली आणि सुरुवातीला पारदर्शक डब्याखाली ठेवून झाकण हळूहळू उघडत नेले. हा सल्ला पत्रकात असायला हवा होता, कारण बाटलीतील दमट हवेची सवय झालेले पान कोरड्या वाऱ्यात लगेच सुकते.

विक्रेत्याने हवामानाबद्दलही अधिक स्पष्ट बोलावे. हा व्हँडा मूळचा सुमारे हजार मीटर व त्याहून उंचावरचा असून त्याला गार रात्री मानवतात. पुण्यात हिवाळा साथ देतो, मुंबई-ठाण्याच्या गॅलरीत मात्र तो फुलेलच अशी हमी कोणी देऊ नये. तिथे राहणाऱ्यांनी आपल्याकडची सीतेची वेणी हे ऑर्किड निवडावे. बाटलीतून फुलापर्यंत अनेक वर्षे जातात हे गृहीत धरूनच किंमत पाहावी, आणि मागणी शक्यतो पावसाळ्याच्या तोंडाशी नोंदवावी. एप्रिल-मेमध्ये कुरिअरच्या गोदामात बाटल्या तापतात.