अँकीड्रॉइड: दिसायला गबाळं, पण जर्मनसाठी फोनमधलं सगळ्यात कामाचं ॲप

आधीच सांगते, मी जर्मनीला जाणार नाहीये. हे सांगावं लागतं कारण सांगलीत कुणाला जर्मन शिकतेय म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "मग कधी निघालीस?" २०२४ ला महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला तेव्हापासून तर नर्सिंगवाल्या पोरी, आयटीआयची पोरं सगळी जर्मनच्या मागं लागलीत, आणि त्यांचं बरोबरच आहे, त्यांना परीक्षा द्यायचीय, व्हिसा काढायचाय. मला नुसती हौस आहे. मिरजेत मेडिकलच्या काउंटरला असते, दुपारी जेवणाच्या वेळेला गिऱ्हाईक कमी असतं, त्या वेळात रील बघत बसण्यापेक्षा हे बरं, एवढंच.

तर अँकीड्रॉइड. हे आहे अँकी नावाच्या प्रोग्रामचं अँड्रॉइडवरचं रूप. मूळ अँकी कॉम्प्युटरवर चालतं, डेमियन एल्म्स नावाच्या माणसानं २००६ मध्ये काढलं, आणि अँड्रॉइडवालं वेगळी मंडळी हौसेनं सांभाळतात, ओपन सोर्स आहे. दोन्ही फुकट. जाहिरात एकसुद्धा नाही. प्ले स्टोअरला शोधताना मात्र जरा बघून घ्या कारण मिळत्याजुळत्या नावाची बरीच ॲपं आहेत आणि त्यातली काही पैसे मागतात. नावात "अँकीड्रॉइड" (AnkiDroid) असंच पाहिजे, निळी चांदणी असलेलं.

उघडलं की पहिल्यांदा वाटतं हे काय आणलं राव, एखाद्या सरकारी ऑफिसातला जुना कॉम्प्युटर बघावा तसं दिसतं. ना कार्टून ना टाळ्या ना "सलग अमुक दिवस" वालं कौतुक. एक यादी असते, तिच्यावर आकडे असतात, बास. बरेच जण इथंच काढून टाकतात. मला उलट तेच आवडलं, कारण हे ॲप माझ्या मागं लागत नाही, रात्री अकराला "तुम्ही आज आला नाहीत" म्हणून रडका चेहरा दाखवत नाही.

काम एकच करतं. कार्डाच्या पुढच्या बाजूला प्रश्न, मागं उत्तर. मनात उत्तर द्यायचं, कार्ड उलटायचं, आणि चारातलं एक बटण दाबायचं, अगेन, हार्ड, गुड, इझी. आठवलेलं कार्ड काही दिवसांनी येतं, परत आठवलं की पंधरवड्यानं, मग दीड-दोन महिन्यांनी, असं लांबत जातं. विसरलं की लगेच परत दारात हजर. म्हणजे जे पाठ झालंय त्यात वेळ घालवायचा नाही आणि जे निसटायच्या बेतात आहे तेच नेमकं समोर येणार. यामागचं डोकं जुनं आहे, एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसानंच १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून लिहून ठेवलं की माणूस कसा भराभर विसरतो आणि मधे मधे उजळणी केली की विसरणं कसं हळू होतं. मग पोलंडच्या वोझनियाकनं १९८७ मध्ये त्याचा हिशोब कॉम्प्युटरवर बसवला, अँकीनं वर्षानुवर्षं तोच थोडा बदलून वापरला. २०२३ पासून एफएसआरएस नावाचा नवा हिशोब आत आलाय, डेकच्या, म्हणजे कार्डांच्या गठ्ठ्याच्या, ऑप्शनमध्ये जाऊन चालू करावा लागतो. नक्की करा, तुमच्या स्वतःच्या विसरण्यावरून तो तारखा लावतो.

इथं एक गोष्ट कुणी सांगत नाही. "हार्ड" बटण म्हणजे "आठवलं, पण घाम फुटला". नाही आठवलं तर "अगेन"च दाबायचं. न आठवलेल्याला लाजंकाजं हार्ड दाबलं की ॲपला वाटतं तुम्हाला येतंय, आणि पुढचा सगळा हिशोब चुकतो. आपल्याकडं नापास व्हायची भीती इतकी की एकट्याच्या मोबाईलमध्येसुद्धा माणूस स्वतःला ग्रेस मार्क देतो.

आता मुद्द्याचं. अँकीवर लोकांनी बनवलेले तयार डेक फुकट मिळतात, जर्मनचे तर ढिगानं. आमच्या भाच्यानं असाच चार-पाच हजार शब्दांचा एक डेक उतरवला होता, इंग्रजी-जर्मन, आणि पंधरा दिवसांत ॲपच काढून टाकलं. माझं स्पष्ट मत आहे, मराठी माणसानं ते इंग्रजी डेक घेऊच नयेत. कार्डं स्वतः बनवायची आणि पुढची बाजू मराठीत लिहायची. अभिमानबिभिमान सोडा, यात सरळ फायद्याचा हिशोब आहे.

जर्मनमध्ये प्रत्येक नामाला लिंग असतं, डेअर, डी, डास, म्हणजे तो, ती, ते. इंग्रजीवाल्याला हे लिंग प्रकरणच नवीन, बिचारे व्हिडिओत डोकं धरून बसतात की चमचा तो, काटा ती आणि सुरी ते कसं काय. हिंदीवाल्याला दोन लिंगं माहीत, तिसरं नाही. आपल्याला तिन्ही घरची. मुलगी या अर्थाचा "मेडशेन" हा शब्द नपुंसकलिंगी आहे म्हणून इंग्रजी शिकवणारे किती हसतात, पण तिथं शेवटी "शेन" लावून लहानगं केलं की ते "डास"च होतं, आणि आपल्याकडं बघा, लेकरू ते, वासरू ते, कोकरू ते, पिल्लू ते. आपल्याला त्यात हसण्यासारखं काय आहे? मधे इंग्रजी घातलं की ही आयती समज वाया जाते, सगळ्याचं "द" होऊन बसतं.

माझं एक कार्ड दाखवते. आयर्विन पुलाचा फोटो आहे, पावसाळ्यात कृष्णा फुगली होती तेव्हा मीच काढलेला, खाली पाणी लालसर, कठड्याला माणसं टेकून बघतायत (सांगलीत पाणी बघायला जायची वेगळीच हौस असते, २०१९ च्या महापुरानंतरसुद्धा). या एका फोटोवर तीन कार्डं केली. फोटोत पुलाला गोल केला आणि खाली लिहिलं "तो पूल". मागं उत्तर "डी ब्र्युके", लाल अक्षरात, कारण तिकडं तो "ती" आहे. दुसऱ्यात नदीला गोल, "ती नदी", मागं "डेअर फ्लुस", निळ्या अक्षरात, कारण तिकडं ती "तो". दोघांची उलटापालट! तिसऱ्यात नुसतं पाणी, "ते पाणी", मागं "डास वासर", हिरवं, हे दोन्हीकडं ते. आता हे तिन्ही शब्द मी विसरू म्हटलं तरी विसरत नाही. डोळ्यांसमोर आधी पूल येतो, मग लाल रंग, मग शब्द. तयार डेकमध्ये याच शब्दाला कुठल्यातरी परदेशी पुलाचं गुळगुळीत चित्र असणार, त्याच्याशी माझं काय देणंघेणं.

लाल, निळा, हिरवा असे रंग लावायला कार्डाचा साचा बदलावा लागतो, आणि ते फोनवर करायला गेलात तर वैताग येईल. कुणाचातरी कॉम्प्युटर तासभर मागून घ्या, तिथं अँकी टाका, साचा एकदा बसवा, मग दोन्हीकडं सिंक करा, म्हणजे अँकीवेबच्या फुकट खात्यातून कॉम्प्युटर आणि फोन जुळवून घ्या, की साचा फोनमध्ये येतो. नंतर रोजची कार्डं फोनवरच होतात. कीबोर्डात मराठीबरोबर जर्मनपण टाकून ठेवा म्हणजे डोक्यावर दोन टिंबं असलेली अक्षरं शोधत बसायला नको.

सुटे शब्द फार भरू नका हेही सांगते. वाक्य टाका, छोटं. इंग्रजीतून शिकणाऱ्याला "वाइल" म्हणजे "कारण" आलं की क्रियापद शेवटी ढकलायचं म्हणजे डोक्याला ताप, आपलं क्रियापद जन्मापासून शेवटीच, त्यामुळं तिथं आपण निवांत. आपली पंचाईत उलटीकडं होते, साध्या वाक्यात क्रियापद दुसऱ्या नंबरला आणायचं असतं आणि आपण सवयीनं शेवटी नेऊन ठेवतो. "आज मी मिरजेला जाते" हे "आज जाते मी मिरजेला" असं म्हणायचं. ही सवय नियम वाचून लागत नाही, तशी पंचवीस-तीस वाक्यं कार्डात घालून रोज तोंडानं म्हणावी लागतात. तोंडानं म्हणजे खरंच तोंडानं. फोनच्या सेटिंगमधून जर्मन आवाज उतरवून घेतला तर ॲप कार्ड वाचूनही दाखवतं, थोडा यंत्रासारखा असतो पण चालतो. सासूबाई आतून विचारतात, "कुणाशी बोलतीयस गं?" आणि मी म्हणते कुणाशी नाही, आणि तेवढ्यात फोन जर्मनमध्ये उत्तर देतो.

तोटे आहेत, आणि पहिला मोठा आहे. डेक नवीन केला की ॲप रोज वीस नवी कार्डं देतं, तसं आधीच ठरवलेलं असतं. वीस ऐकायला किरकोळ वाटतं. पण नव्या कार्डांच्या साधारण दहापट उजळणी रोज अंगावर येते, म्हणजे महिन्या-दोन महिन्यात दिवसाला दोनशे कार्डं. नोकरी, घर, स्वयंपाक सांभाळून कुणाला जमणार आहे ते? भाच्याचं तेच झालं. पाचवर आणा, फार तर सात, पहिल्याच दिवशी. मी दुपारी काउंटरला आणि बसमध्ये सांगली-मिरज जाता-येता जेवढं होतं तेवढंच करते आणि तेवढं पुरतं. गणपतीत, दिवाळीत खंड पडतो, परत उघडलं की ढीग साचलेला असतो आणि ॲप त्यातलं काही माफ करत नाही. अशा वेळी नवी कार्डं शून्य करायची आणि ढीग थोडा थोडा उपसायचा, सगळं एका बैठकीत संपवायला जायचं नाही.

दुसरं, आठ वेळा विसरलेल्या कार्डाला ॲप "लीच" असा शिक्का मारतं, म्हणजे जळू, नाव एकदम बरोबर आहे, आणि सेटिंग तसं असेल तर ते बाजूलाही काढतं. लोक ते कार्ड परत चालू करून परत डोकं आपटतात. तसं करू नका. कार्ड पुसा आणि दुसऱ्या फोटोवर, दुसऱ्या वाक्यात नव्यानं करा.

तिसरं, सिंक. फोन आणि कॉम्प्युटर दोन्हीकडं साच्यात बदल केलेत तर कधीतरी ॲप विचारतं, अपलोड करू का डाउनलोड? हा साधा प्रश्न नाहीये. एकीकडचं सगळं पुसून दुसरीकडचं ठेवणार असा त्याचा अर्थ आहे. घाईत दाबू नका, नवीन काम कुठं केलंय ते आधी आठवा.

आणि हे ॲप भाषा शिकवत नाही, हे नीट लक्षात घ्या. व्याकरण समजावत नाही, तुमचं बोलणं तपासत नाही, कुणाशी गाठ घालून देत नाही. फक्त शिकलेलं डोक्यात टिकवतं. शिकायचं दुसरीकडूनच. मी डॉइचे वेले या जर्मन सरकारी पैशावर चालणाऱ्या वाहिनीचे फुकटचे धडे धरलेत, आणि त्यांच्याच सावकाश वाचलेल्या बातम्या असतात, खाली मजकुरासकट, त्या ऐकते. बातमीतलं एखादंच वाक्य उचलायचं, कार्ड करायचं, बाकी सोडून द्यायचं. विश्रामबागच्या बाजूला एका क्लासमध्ये चौकशीला गेले होते तर तिथं पहिल्या लेव्हलचीच फी ऐकून परत आले, आणि शिकवतात काय तर जर्मन पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर फळ्यावर. परीक्षेला बसायचं असेल, जायचंच असेल तर क्लास लावा, बोलायला समोर माणूस लागतोच. हौशी माणसानं आधी सहा महिने हे करून बघावं, मग पैशाचं ठरवावं.

पाचातले चार देते. एक कापला तो दिसण्याचा आणि सुरुवातीच्या डोकेदुखीचा, कारण ऑप्शनच्या पानावर इतक्या गोष्टी आहेत की नवख्या माणसाला घेरी येते. चार गोष्टी बदला, नवी कार्डं कमी, एफएसआरएस चालू, जर्मन आवाज, बॅकअप चालू आहे का ते बघणं, बाकीच्याला वर्षभर हात लावू नका.

माझा डेक कुणी मागू नका, त्यात आमच्या स्वयंपाकघरातले डबे, मेडिकलचं कपाट आणि नणंदेच्या लग्नातले फोटो आहेत, तुमच्या काही कामाचे नाहीत.

आयफोनवाल्यांसाठी, तुमच्याकडचं अधिकृत ॲप वेगळं आहे, अँकीमोबाइल, आणि ते विकत आहे, अमेरिकेत २४.९९ डॉलर, एकदाच भरायचे, त्याच पैशावर कॉम्प्युटरवालं फुकट चालतं. लगेच घेऊ नका. आधी ब्राउझरमध्ये अँकीवेब उघडा, तिथं खातं फुकट आहे आणि रोजची उजळणी तिथंही होते, फक्त नेट चालू लागतं. दोन महिने टिकलात तर मग घ्या.