घरी उघडायचा की लॅमिंग्टन रोडला न्यायचा?

जुना पीएस-फोर, म्हणजे सोनीचा गेम खेळायचा कन्सोल, शेवटी दोनपैकी एक रंग दाखवतोच. एकतर पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरतो, नाहीतर पांढरा दिवा लागूनही टीव्ही काळाच राहतो. आमच्या २०१४च्या ठोकळ्याने दोन्ही करून दाखवलं. त्यामुळे दोन्ही वाटा मी चालून आलोय, आणि कुणी विचारलं की उत्तर एका वाक्यात देता येत नाही.

लॅमिंग्टन रोड हा मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार, कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण त्या नावाने टॅक्सीवाल्याला विचारून बघा! ग्रँट रोड स्टेशनवरून चालत पाच-दहा मिनिटं. रविवारी बहुतेक शटर खाली, म्हणजे नोकरीवाल्याची एक रजा तिथेच गेली. तरी तिथल्या कारागिरांच्या हाताला तोड नाही, हे आधी मान्य करतो.

पहिल्यांदा पंख्यासाठी गेलो. दुकानदाराने कन्सोल पडद्यामागे नेला, दोन दिवसांनी फोन करून बोलावलं, १,२०० रुपये घेतले. काय झालं होतं विचारलं, तर म्हणाला, "बोर्ड में प्रॉब्लेम था, कर दिया." आवाज खरंच कमी झाला होता. पण परतीच्या लोकलमध्ये बॅग मांडीवर घेऊन बसलो, तर प्रत्येक स्टेशनला ब्रेक लागला की आतून खुळखुळ. ग्रँट रोड ते दहिसर मी ते ऐकत आलो. सुटलेला स्क्रू बोर्डावर फिरतोय म्हणजे कुठेतरी शॉर्ट व्हायचीच भीती, म्हणून चालू करायची हिंमत होईना. पुन्हा रजा टाकून जायचंही जिवावर आलं.

त्या खुळखुळ्यापायी मी पहिल्यांदा कन्सोल उघडला. मागचे चार चांदणीसारखे स्क्रू, त्यांच्या मधोमध टोचणी असते. त्याला मध्ये भोक असलेला टी-८ बिट लागतो. झाकण काढलं, पॉवर सप्लाय उचलला, स्क्रू सापडला. आणि हीटसिंकच्या, म्हणजे चिपची उष्णता बाहेर काढणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, पात्यांमध्ये धुळीचा नमदा जसाच्या तसा! वरवर हवा मारून पंख्याची पाती तेवढी पुसली होती. आपल्याकडच्या दमट हवेत धूळ उडत नाही, चिकटते. ती ब्रशने खरवडूनच काढावी लागते.

सगळीच दुकानं अशी असतात असं अजिबात नाही. हा अनुभव एकाच दुकानाचा. पण पडद्यामागे काय झालं ते आपल्याला कळत नाही, ही गोष्ट मला आजही खुपते.

घरी करायचं तर वेळ धरा. माझी पहिली रविवार दुपार पूर्ण गेली. आता दीड तासात उरकतं. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात, म्हणून मी जुना मिसळणाचा डबा वापरतो: एका वाटीत एका थराचे स्क्रू, उघडलं त्या क्रमाने. (बायकोने तो डबा कायमचा माझ्या नावावर केलाय.) थर्मल पेस्ट (चिप आणि हीटसिंकमधला लेप) बदलायची तर बोर्ड बाहेर काढावा लागतो, त्यात डिस्क वाचणाऱ्या ब्लू-रे ड्राइव्हच्या पट्टीसारख्या केबली जपाव्या लागतात. वायर काढून थोडा वेळ थांबायचं आणि पॉवर सप्लायचा डबा मात्र उघडायचा नाही. पीएस-फाइव्ह असेल तर पेस्टच्या वाटेला जाऊच नका. त्यात पेस्टऐवजी लिक्विड मेटल, म्हणजे पातळ धातू आहे. ते वीज वाहतं, थेंब भलतीकडे गेला की खेळ खल्लास.

कंट्रोलर, म्हणजे हातात धरायचं यंत्र, हे मधलं प्रकरण. त्यावरची अंगठ्याने फिरवायची स्टिक आपोआप एका बाजूला सरकत असेल, तर आतल्या पोटेन्शिओमीटरची (स्टिक किती वळली ते मोजणाऱ्या भागाची) कार्बनची पट्टी झिजलेली असते. नवं मॉड्यूल बसवायला सोल्डरचे चौदा टाके वितळवावे लागतात. मी केलं, पण त्याआधी एका भंगार रेडिओवर आठवडाभर हात बसवला. आणि झाकण काढताच एल-टू, आर-टू या बटणांच्या स्प्रिंगा उडतात. एक अजून कपाटाखाली आहे.

पुढे टीव्ही काळा झाला, तेव्हा केबल बदलून पाहिली आणि मुकाट्याने परत ग्रँट रोड गाठलं. टीव्हीची केबल जिथे लागते त्या एचडीएमआय पोर्टला १९ बारीक पिना. बोर्डातला तांब्याचा थर उष्णता ओढून घेतो, साध्या सोल्डरिंग आयर्नचं ते काम नाही. पोर्ट उपटताना खालची तांब्याची रेघ उखडली की बोर्डच गेलं. या वेळी दुकान दुसरं निवडलं. कारागीर गल्ल्याशेजारीच बसतो, हॉट एअर (गरम हवेने सोल्डर वितळवणारी मशीन) माझ्यासमोर चालवली, अर्ध्या तासात चित्र आलं. १,५०० रुपये, आणि एक पैसा जड गेला नाही.

तेव्हा पोर्ट किंवा बोर्ड असेल तर दुकान, तेही समोर बसून करणारं. बाकी धूळ, पेस्ट, स्टिक यासाठी मी तरी आता लोकल पकडत नाही. तुमचा हात थरथरत असेल, किंवा मिसळणाचा डबा मिळणार नसेल, तर गोष्ट वेगळी.

दुकानात न्यायचाच ठरला, तर निघण्याआधी हार्ड डिस्क काढून घरी ठेवा. जुन्या ठोकळ्यावरचं चकचकीत झाकण सरकवलं की त्रिकोण-चौकोनाच्या खुणांचा एकच स्क्रू दिसतो. डिस्क नसली तरी स्क्रीनवर एररचा संदेश येतो. पोर्ट चालतोय की नाही, ते बघायला तेवढं पुरतं.