पुढच्या शॉकअपचे पाइप: सीलवर भागवायचं, क्रोम मारून आणायचं, की नवेच घालायचे?

घाटावरच्या मित्रांच्या गाड्यांचे पाइप दहा-बारा वर्षांनीही आरशासारखे असतात. आमच्याकडे रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या खाडीपुलावरून रोज ये-जा करणाऱ्या गाडीला तिसऱ्या-चौथ्या पावसाळ्यानंतर टाचणीच्या टोकाएवढे तपकिरी ठिपके दिसू लागतात आणि मग डाव्या नाहीतर उजव्या शॉकअपवर तेलाचा ओघळ. क्रोमच्या थरात मुळातच डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा असतात. खाऱ्या हवेतलं मीठ त्यातून खालच्या पोलादापर्यंत पोचतं, गंज आतून फुगतो आणि क्रोम वर उचलतो. सील, म्हणजे पाइपभोवती बसून तेल आत अडवणारं रबरी कडं, फाटतं ते त्या खड्ड्याच्या धारेवर.

मी माझ्या दीडशे सीसी मोटरसायकलवर तिन्ही उपाय करून पाहिलेत, घरच्या पडवीत, इंजिनाखाली जांभ्याचा चिरा आणि फळी लावून. त्यामुळे जे सांगतो ते एका गाडीपुरतं आणि एका माणसाच्या हातापुरतं आहे, एवढं लक्षात ठेवून वाचा.

काहीही ठरवण्याआधी पाइपवर एक रबरी कडं चढवा आणि आठवडाभर नेहमीच्या रस्त्यावर गाडी चालवा. कडं सरकत जिथपर्यंत वर जातं, तिथपर्यंतच सीलचा वावर. त्याच्या वर, टीच्या (हँडलखालच्या, दोन्ही पाइप धरणाऱ्या पट्टीच्या) जवळ गंज असेल तर तो दिसायला वाईट, पण तेल गळण्याशी त्याचा संबंध नाही. त्याच्या खालच्या भागात नख फिरवा. नख अडकलं, तर नुसतं सील घालून फार दिवस निघणार नाहीत. ‘पाइप फिरवून बसवा, खड्डे मागे जातील,’ असा सल्लाही मिळतो. सील पाइपला चारी बाजूंनी धरून बसतं, त्यामुळे खड्डा पुढे असो की मागे, ते सारखंच फाटतं.

नख अडकत नसेल तर सील बदलणं हाच बरोबर उपाय आहे, पुढचं वाचायचीही गरज नाही. माझं नख अडकत होतं. तरी मी आधी सीलच बदललं. खड्ड्यांत सुपरग्लू भरला, वाळल्यावर तेल लावून दोन हजार नंबरच्या पॉलिश पेपरने घासून सपाट केला. ही युक्ती खोटी नाही, त्यावर माझा एक अख्खा पावसाळा निघाला. दिवाळीच्या सुमारास पुन्हा ओघळ आला. पाइप हातात घेऊन मेकॅनिक म्हणाला, “सर, पाइपच गेलाय. आता सील घालून काय उपयोग नाय.”

मग आंबा घाट चढून पाइप कोल्हापूरला नेले. इथे एक चूक मी केली, ती तुम्ही करू नका. पहिल्यांदा दिले ते गाड्यांचे बंपर आणि सायलेन्सर चमकवणाऱ्याकडे. ते क्रोम शोभेचं, अगदी पातळ. एका पावसात पापुद्रे निघाले. दुसऱ्यांदा जेसीबीच्या हायड्रॉलिक रॉडवर जाड, म्हणजे हार्ड क्रोम मारणाऱ्यांकडे दिले, आणि ते काम फार उत्तम झालं. जुनं क्रोम उतरवायचं, पाइप ग्राइंडिंग करायचा, जाड थर चढवायचा आणि पुन्हा ग्राइंडिंग करून मूळ मापावर आणायचा, असा सगळा तो व्यवहार आहे. तो पाइप कंपनीच्या पाइपपेक्षा जास्त टिकला असता, असं मला आजही वाटतं. मात्र क्रोम फक्त सील फिरतं तेवढ्याच लांबीवर मारा, हे बजावून सांगावं लागतं. मी सांगितलं नाही. वरच्या टोकालाही थर चढला आणि पाइप टीमध्ये जाईना. घासून घासून बसवावा लागला.

हे सगळं निभावलं असतं. माझं मत फिरवलं ते शॉकअपच्या तळाच्या अॅलन बोल्टने, म्हणजे डोक्यात षटकोनी खाच असलेल्या बोल्टने.

पाइप असो वा सील, ते बाहेर काढायचं तर हा बोल्ट सुटायला हवा. तो खालून बॉटम केसमधून (पाइप ज्यात वर-खाली होतो त्या खालच्या नळकांड्यातून) आत डॅम्परच्या, म्हणजे धक्का मंदावणाऱ्या भागाच्या, दांडीत जातो. ती दांडी आत मोकळी असते, तिला जागेवर धरतो तो केवळ स्प्रिंगचा दाब. वरची टोपी उघडून स्प्रिंग काढली की बोल्टाबरोबर दांडीही फिरू लागते, आणि तुम्ही कितीही वेळ पाना फिरवा, बोल्ट तिथेच. पहिल्यांदा माझ्या दोन दुपारी यात गेल्या. त्यातून आमच्याकडे बोल्टाच्या डोक्यात लाल माती आणि गंज घट्ट बसलेला, खाचेची धार गेली की विषयच संपला. आता मी आधी सुईने खाच साफ करतो आणि स्प्रिंग आत असतानाच बोल्ट सैल करतो. शॉकअपचं वरचं टोक पडवीच्या जोत्याला टेकवून मी जोर लावून दाबतो, भाऊ पाना फिरवतो. तरीही दांडी फिरलीच, तर झाडूच्या लाकडी दांड्याचं टोक निमुळतं तासून वरून आत ठोकायचं आणि दांडी धरून ठेवायची. बसवताना तांब्याचा वॉशर दर वेळी नवा. जुनाच घातला तर तळातून तेल झिरपतं आणि आपण विनाकारण सीलला दोष देत राहतो.

हे सगळं एकदा करायला माझी हरकत नाही. सीलच्या वाटेने मी ते दोनदा केलं, क्रोमच्या वाटेनेही दोनदा. शिवाय पाइप कोल्हापुरात असताना गाडी बारा दिवस चिऱ्यावर उभी, आणि आमच्या गावातून एसटीच्या फेऱ्या किती असतात ते इकडच्यांना सांगायला नको.

म्हणून तिसऱ्या खेपेला कंपनीचे नवे पाइप घेतले, दोन्ही एकदम. सकाळी बोल्ट सोडला, दुपारी गाडी चालू. तुमच्याकडे सहज पाइप मिळणारी गाडी असेल, तर मी तरी हाच सल्ला देईन. यामाहाची जुनी आरएक्स १०० असेल तर गोष्ट निराळी. तिचं उत्पादन १९९६ मध्ये थांबलं, आणि बाजारातला कुठला तरी पाइप घालण्यापेक्षा मूळ पाइपवर हार्ड क्रोम मारलेलं मला जास्त भरवशाचं वाटतं.

नवे पाइप बसवताना वरच्या कडेवर प्लॅस्टिकची पातळ पिशवी चढवून, तेल लावून सील सरकवा, म्हणजे सीलचा ओठ, म्हणजे आतली पातळ कड, फाटत नाही. सील आत ठोकायला पाण्याच्या पीव्हीसी पाइपचा सरळ कापलेला तुकडा पुरतो. डस्ट सीलखाली (वरच्या धूळ अडवणाऱ्या सीलखाली) रबराला चालणारं ग्रीस भरा, नाहीतर आतली सर्कलिप, म्हणजे सील जागेवर धरणारी तारेची कडी, गंजून पुढच्या वेळी तुकड्यातुकड्याने निघते. दोन्ही बाजूंना फोर्क ऑइल मोजून सारखंच घाला, इंजिन ऑइल नको. पाइप झाकणारे रबरी बूट मी घातले होते, पण पावसात ते आत ओल धरून ठेवतात असं दिसलं, म्हणून काढून टाकले. त्याऐवजी जयगडहून फेरीबोटीने खाडीपलीकडे तवसाळला जाऊन आलो की घरी गोड्या पाण्याने पाइप धुतो आणि कोरड्या फडक्याने पुसतो. या पाइपांचा हा तिसरा पावसाळा. परवाच नख फिरवून पाहिलं, अजून कुठे अडकलं नाही.