‘फोर बाय फोरचा रिले’ मला तीन हजार दोनशेला पडला

जिप्सी असणाऱ्यांनी आधी एवढं वाचा, बाकीचं सवडीने वाचलंत तरी चालेल. जिप्सीत फोर बाय फोरला, म्हणजे चारही चाकांना ताकद द्यायला, रिले (बारीक करंटच्या हुकमावर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विचचा डबा) नसतो. मोठ्या गिअरच्या दांड्यामागचा छोटा दांडा ओढला की ट्रान्सफर केसमधले (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीतले) गिअर एकमेकांत अडकतात, सगळा लोखंडाचा खेळ. वीज लागते ती डॅशवरच्या ‘4WD’ दिव्याला, आणि त्याचा स्विच ट्रान्सफर केसवरच असतो. चार वर्षं गाडी चालवूनही मला हे ठाऊक नव्हतं. दुरुस्ती करणाऱ्याला मात्र मला ठाऊक नाही हे पहिल्या पाच मिनिटांत कळलं.

गाडी 2006ची, जिप्सी किंग, एमपीएफआय, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमाने पेट्रोल सोडणारी. आमची कलमं गुहागर तालुक्यात, डोंगराच्या अंगाला. मृग लागला की पाणंदीतल्या तांबड्या चिखलातून वर चढायला दुसरं काही उपयोगाचं नाही. मी थर्ड ओनर. आधीचा मालक हौशी माणूस: फॉग लॅम्प, दोन कर्कश हॉर्न, सीटखाली इन्व्हर्टर. जे जे बसवलं त्याचा रिले डॅशखाली टेपने गुंडाळून सोडून दिलेला. स्टिअरिंगखाली डोकं घातलं की वडाला वटवाघळं लटकावीत तसे काळे चौकोनी डबे दिसायचे. कंपनीचे आणि हौसेचे मिळून सहा. नाव एकावरही नाही.

गेल्या जूनमध्ये शृंगारतळीच्या पुढे गाडी चालता चालता बंद पडली. सेल्फ मारतोय, पण इंजिन पकडत नाही. दहा मिनिटांनी आपोआप चालू. दोन दिवसांनी पुन्हा तेच. तेव्हा एक खूण माझ्या कानावरून गेली. चावी ऑन केल्यावर, सेल्फ मारायच्या आधी, मागे टाकीकडून दोन-तीन सेकंद बारीक घूंऽ येते. तो पेट्रोल पंप. गाडी रुसायची तेव्हा ती घूं नसायची. ते कुणाला सांगितलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

महामार्गालगतच्या एका गावात ऑटो इलेक्ट्रिशियन आहे, तिथे टोइंग करून नेली. त्याने डॅशखाली हात घातला, टेस्ट लॅम्प इकडेतिकडे लावला आणि हात पुसत म्हणाला, “काका, कॉम्प्युटर उडालाय. तुमच्याकडे खारी हवा ना.” नंतर एक डबा उपसून माझ्यासमोर धरला. पिना हिरव्यागार, तांब्याच्या भांड्याला कळंक चढतो तशा. “हा बघा, फोर बाय फोरचा रिले. सडलाय. चिखलात अडकलात तर गाडी निघायची नाही.” पावसाळ्याच्या तोंडावर बागायतदाराला हे ऐकवल्यावर तो काय बोलणार?

संध्याकाळी गाडी चालू होऊन मिळाली. कॉम्प्युटर दुरुस्ती 8,500, फोर बाय फोरचा रिले 3,200, मजुरी 1,800. एकूण 13,500. वर “बाकीचे रिलेपण जुने झाले होते, नवीन टाकलेत, त्याचे पैसे घेत नाही” असा उपकारही. जुने डबे मागितले तर म्हणाला, भंगारात गेले. बिल मागितलं नाही, त्याने दिलं नाही. पैसे मात्र मी फोनवरून पाठवले होते, आणि तेवढंच पुढे कामाला आलं.

पाचव्या दिवशी बॅटरी बसली. ढकलून चालू केली. शुक्रवारी लावलेली गाडी रविवारी पुन्हा ठप्प. परत त्याच्याकडे. “बॅटरी म्हातारी झालीय काका.” नवीन बॅटरी 4,200. तीही आठवड्यात बसली, तेव्हा तो अल्टरनेटरवर (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्रावर) आला. तिथे मी थांबलो, हुशारीने नव्हे, खिशात तेवढे नव्हते म्हणून.

आमच्या वाडीत अण्णा आहेत, एसटीच्या आगारातून इलेक्ट्रिशियन म्हणून निवृत्त. त्यांच्याकडे न जाण्याचं कारण सांगायला लाज वाटते: एसटीवाल्याला कॉम्प्युटरची गाडी काय कळणार, असं मनात होतं. अण्णा मल्टीमीटर घेऊन आले. इंजिन बंद, दारं बंद, बॅटरीची निगेटिव्ह काढून मधे मीटर, वायर 10 अँपिअरच्या भोकात. (असा मीटर जोडलेला असताना सेल्फ मारायचा नाही, मीटर जळतो.) आकडा आला 1.2. अण्णा म्हणाले, “उभी गाडी सव्वा अँपिअर पितेय. बॅटरी पस्तीस अँपिअर-तासांची. दीड दिवसात रिकामी नाही होणार तर काय?”

मग एकेक रिले उपटायला घेतला. तिसरा निघाला आणि आकडा 0.02वर आला.

तो डबा अण्णांनी उलटा करून माझ्या तळहातावर ठेवला. चष्मा लावून पाहिलं तर प्रत्येक पिनेशेजारी बारीक आकडे: 30, 85, 86, 87 आणि मधोमध 87a. हे आकडे जर्मन मानकातले, डिन 72552. 85 आणि 86 म्हणजे आतल्या कॉइलची दोन टोकं. 30वर बॅटरीचा करंट येतो. कॉइलला वीज मिळाली की टिक होऊन 30 आणि 87 जोडले जातात. आणि 87a उलटा: रिले झोपलेला असताना जोडलेला, जागा झाला की तुटलेला. पाच पिनांचे रिले दोन जातीचे मिळतात. एकात मधली पिन 87a असते, दुसऱ्यात ती दुसरी 87च असते. बाहेरून दोघे जुळे भाऊ, एकाच सॉकेटात बसतात. माझ्या गाडीत आधी दोन 87 पिनांचा रिले होता, एकीवर चार्जरचं सॉकेट, मधलीवर इन्व्हर्टर. त्या बहाद्दराने फुकटात घातलेला होता 87aवाला. म्हणजे चावी काढली की इन्व्हर्टर सुरू, चावी लावली की बंद! पुतण्या सारखा म्हणायचा, काका प्रवासात लॅपटॉप चार्ज होत नाही. मी म्हणायचो, तुझा चार्जर बघ.

फसवणूक कुठली आणि अडाणीपणा कुठला, हे इथे नक्की सांगता येत नाही. पुढच्या दोन गोष्टींबद्दल मात्र शंका नाही. कॉम्प्युटरचा डबा ज्या स्क्रूंनी बसवलेला आहे त्यांच्या डोक्यावरचा गंज जसाच्या तसा होता, त्यात पेचकस कधी फिरलाच नव्हता. आणि तो तीन हजार दोनशेचा रिले. त्याच्या अंगावरचं छापील पॉलिशपेपरने घासलेलं, पांढरट चट्टा उठलेला. अण्णांनी 85-86वर मीटर लावला, 320 ओहम. साध्या 12 व्होल्टच्या रिलेची कॉइल साधारण 60 ते 100च्या दरम्यान दाखवते. “हा आमच्या एसटीतला,” अण्णा हसले, “चोवीस व्होल्टचा. तुझ्या बॅटरीवर हा टिक पण करणार नाही.” करायची गरजही नव्हती. त्याच्या वायरी हार्नेसला, म्हणजे वायरींच्या जुडग्याला, टेप मारून टोकाला कापलेल्या होत्या. कशालाच जोडलेल्या नव्हत्या.

मूळ दुखणं पेट्रोल पंपाच्या रिलेचं होतं. सॉकेटातली एक क्लिप कळकून सैल झाली होती. टिक ऐकू यायची, पण करंट पुढे जायचा नाही. टिक वाजली म्हणजे रिले चांगला असं धरून चालू नका. लोड (इथे पंप) चालू असताना 30 आणि 87च्या वायरींमध्ये मीटर लावा, तिथे व्होल्ट दिसले तर संपर्क खराब. त्या माणसाने ती क्लिप घासली असणार, कारण गाडी चालू झाली होती. दीडशे रुपयांचं काम.

तुमच्या डॅशखाली असे निनावी डबे असतील तर अण्णांनी केलं ते स्वतः करा, एक रविवार पुरतो. आधी फोटो. मग एकाने चावी, लाइट, हॉर्न असं एकेक चालू करायचं आणि दुसऱ्याने डब्यांवर बोट ठेवायचं. टिक बोटाला कळते. ज्याला टिकटिकला त्याचं नाव चिकटपट्टीवर लिहून तिथेच लावायचं. जपानी पद्धतीच्या रिलेवर हे आकडे नसतातही, तेव्हा मीटरने ज्या दोन पिनांत 60 ते 100च्या आसपास ओहम दिसतील ती कॉइल. डब्यावर आकृती असेल तर त्यात डायोडचा (वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागाचा) त्रिकोण आहे का बघा. असेल तर कॉइलला प्लस-मायनस उलट लावून चालत नाही. जाड वायर लोडची, बारीक हुकमाची. इंजिन चालू असताना काही उपटू नका.

मी तो घासलेला डबा घेऊन परत गेलो. फोनवरचे पैसे पाठवल्याचे मेसेज दाखवले आणि सांगितलं की बिल न देणं हीसुद्धा 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित प्रथा आहे, ग्राहक हेल्पलाइनच्या 1915वर फोन लावू का? तो भांडला नाही. 3,200 परत पाठवले. कॉम्प्युटरचे द्यायला तयार नाही, म्हणतो, “आतून साफ केला.” ती तक्रार मी आता नोंदवली आहे.

सहापैकी पाच डब्यांवर पट्ट्या लागल्या: मेन, पंप, फॉग, हॉर्न, इन्व्हर्टर. सहावा चावीला, लाइटला, वायपरला, कशालाच टिकटिकत नाही. अण्णांनी त्याच्यावर प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय. चतुर्थीला पुतण्या आला की डॅश उतरवून त्याच्या वायरी कुठे जातात ते बघायचं आहे.